मार्कंडेय महाराज, उर्मिलेची झोप आणि 'ओरिजनल' रामायण

सध्या एक फॉरवर्ड फिरतंय, तुम्हालाही आलं असेल. लक्ष्मणरेषा वाल्मीकी रामायणात नाहीच, शबरीने बोरं उष्टी करून दिली हेही नाही, सेतू बांधताना वाळू आणणारी खार तर नाहीच नाही, आणि शेवटी मोठ्या अक्षरांत, भेसळ ओळखा, ओरिजनल वाचा. आमच्या फॅमिली ग्रुपवर ते पडलं आणि दोन दिवस नुसता धुरळा. मामा म्हणाला बरोबरच आहे, मावशी म्हणाली मग आम्ही लहानपणापासून काय खोटं ऐकलं की काय ओ.

आता गंमत अशी आहे की फॉरवर्डमधली माहिती खरीच आहे. वाल्मीकीच्या अरण्यकांडात लक्ष्मण चिडून, वनदेवतांवर भरवसा ठेवून निघून जातो, रेघबिघ काही मारत नाही. तुलसीदासांकडेही सीतेला पळवून नेण्याच्या प्रसंगात ती नाही, ती येते पार पुढे लंकाकांडात, मंदोदरी रावणाला टोमणा मारते की साधी धाकट्या भावाने मारलेली रेघ तुम्हाला ओलांडता आली नाही आणि निघालात लढायला. शबरी वाल्मीकीत रानातली फळं-कंदमुळं देते, चाखून बिखून नाही. खार तेलुगूतल्या रंगनाथ रामायणात भेटते. सगळं मान्य. माझं भांडण फक्त त्या 'भेसळ' शब्दाशी आहे.

आणि ह्यात आम्ही सोलापूरच्या पूर्वभागातल्या लोकांनी तरी पडू नये असं मला वाटतं, कारण नारळी पौर्णिमेला आपण ज्यांचा रथ ओढतो ते मार्कंडेय महाराज स्वतःच रामकथा बदलून सांगणारे आहेत. हे आमच्याच घरात कुणाला माहीत नव्हतं.

बाहेरगावच्यांसाठी थोडक्यात सांगते. आम्ही पद्मशाली, घरी तेलुगू, शाळा मराठी, बाजारात हिंदी आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत कानावर कन्नड. पिढ्यानपिढ्या माग, चादरी, टॉवेल. आमच्यात मानतात की मार्कंडेय ऋषींचा मुलगा भावनाऋषी, त्याने कमळाच्या देठातल्या तंतूंपासून पहिलं कापड विणलं, आणि आम्ही त्याच्या वंशातले. त्यामुळे मार्कंडेय म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो सोळा वर्षांचा मुलगा, शिवलिंगाला मिठी मारलेला, मागे यम फास घेऊन उभा.

पण महाभारतात हाच मार्कंडेय भेटतो तो अगदी वेगळा. हजारो वर्षं जगलेला तरी तरुण दिसणारा, प्रलय बघितलेला. सगळं पाण्याखाली गेलंय आणि वडाच्या फांदीवर एक बाळ आहे, त्या बाळाच्या तोंडात हा शिरतो तर आत अख्खं जग जसंच्या तसं. म्हणजे एकाच माणसाची तीन रूपं झाली, महाभारतातला प्रलय बघितलेला ऋषी, पुराणात यमाला हरवणारं पोरगं, आणि आमच्याकडे विणकरांचा मूळपुरुष. ह्यातला खोटा कुठला? मला तर तिन्ही हवेत.

तर वनपर्वात काय होतं. जयद्रथ द्रौपदीला उचलून नेतो, पांडव तिला सोडवून आणतात, आणि युधिष्ठिर खचून बसलेला असतो. तो मार्कंडेयाला विचारतो की माझ्याइतका कमनशिबी माणूस तुम्ही कधी बघितलाय का? त्याच्यावर मार्कंडेय त्याला रामाची गोष्ट सांगतो, ह्याला रामोपाख्यान म्हणतात. बायको पळवली गेलेल्या नवऱ्याला बायको पळवली गेलेल्या दुसऱ्या नवऱ्याची गोष्ट. आणि ती वाल्मीकीसारखी नाहीये! कुंभकर्णाला इथे राम मारत नाही, लक्ष्मण मारतो. मुख्य म्हणजे सीता आगीत शिरत नाही. राम तिला नाकारतो तेव्हा वायू, अग्नी, वरुण, ब्रह्मदेव येऊन साक्ष देतात, दशरथही येतो, आणि विषय संपतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मागेपुढे पानं उलटून बघितली की मधलं काही सुटलं का आपल्याकडून. कुणी म्हणेल तो संक्षेप आहे, आणि ही कथा आधीची की वाल्मीकीची ह्यावर अभ्यासक भांडत असतात ते वेगळं. पण समोर द्रौपदी बसलेली आहे, नुकतीच सुटून आलेली, आणि तिच्यासमोर अग्निपरीक्षेचा सीन सांगायचा? मला वाटतं सांगणाऱ्याला समोर कोण बसलंय ते दिसत होतं. हा माझा अंदाज, पुरावा नाही. पण ह्यानंतर लगेच युधिष्ठिर विचारतो की द्रौपदीसारखी दुसरी कुणी पतिव्रता झाली का, आणि मार्कंडेय सावित्रीची गोष्ट काढतो. म्हणजे प्रश्न बघून गोष्ट ठरतेय हे उघड आहे.

आता अम्मम्माकडे येते. आईची आई. ती बिड्या वळायची, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, आणि तोंडाने गाणं चालू. कारखान्यात माल द्यायचा असला की बायका एकत्र बसून वळायच्या आणि तेव्हा जास्त गाणी. त्यातलं एक उर्मिलेच्या झोपेचं. आंध्र-तेलंगणातल्या बायकांमध्ये हे गाणं जुनं आहे, आमच्याकडे ते लोकांबरोबर मागाच्या कामाला सोलापुरात आलं.

वाल्मीकीत उर्मिलेचं लग्न होतं आणि मग ती जवळजवळ गायबच होते. नवरा 14 वर्षं भावाबरोबर जातो, हिचं काय, कुणी विचारत नाही. गाण्यात ती झोपते. लक्ष्मणाला रात्रंदिवस पहारा द्यायचाय, मग त्याच्या वाटची झोप ही घेते, 14 वर्षं. ते सगळे परत येतात, गडबड चालू, आणि लक्ष्मण तिच्या खोलीत जातो तेव्हा ती झोपेतच, त्याला ओळखत नाही. कोण रे तू, परक्या बाईच्या खोलीत शिरलास, माझ्या माणसांना कळलं तर काय होईल माहितीये का, म्हणून झापते त्याला. अम्मम्मा हा भाग आवाज चढवून म्हणायची आणि बाकीच्या बायका खिदळायच्या. ज्याने शूर्पणखेचं नाक कापलं, जो रामावर सुद्धा चिडायचा, तो इथे बायकोच्या पलंगाशी ओशाळून उभा आहे.

दुसरी गोष्ट लक्ष्मणाच्या हसण्याची, तीही तेलुगूच. पट्टाभिषेक चालू आहे, दरबार भरलाय, आणि लक्ष्मण एकदम हसतो. झालं असतं काय, तर वनवासात निद्रादेवी आली होती तेव्हा त्याने सांगितलेलं की 14 वर्षांनी ये, ती वेळेवर हजर झाली, म्हणून हसू आलं. पण दरबारात प्रत्येकाला वाटतं हा मलाच हसला. सुग्रीवाला भाऊ आठवतो, बिभीषणालाही भाऊच आठवतो, सीतेला लंका आठवते. एका हसण्याने सगळ्यांच्या मनातली बोच वर आली! एवढं सायकॉलॉजिकल काही मला मोठ्या ग्रंथांत सुद्धा क्वचित दिसलंय. आणि हे कुणी रचलं ते माहीत नाही, दुपारी बायका काम करता करता गात होत्या एवढंच.

आमच्या शेजारच्या काकू मात्र मराठी, त्यांच्याकडे श्रावणात पोथी. ती पोथी ज्यांची ते श्रीधरस्वामी आपल्याच जिल्ह्यातले, सांगोल्याजवळच्या नाझऱ्याचे. 1702 मध्ये हरिविजय, 1703 मध्ये रामविजय, 1712 मध्ये पांडवप्रताप, 1718 मध्ये शिवलीलामृत. महाराष्ट्रात 'रामायण वाचलं' म्हणणाऱ्या जुन्या बायकांपैकी बऱ्याच जणींनी वाल्मीकी नव्हे, श्रीधर वाचलेला असतो किंवा ऐकलेला असतो. त्याच्याआधी पैठणला एकनाथांचं भावार्थ रामायण, तिथे राम कशासाठी आलाय तर रावणाच्या बंदीत पडलेले देव सोडवायला. आणि बारामतीच्या मोरोपंतांनी तर 108 रामायणं लिहिली, त्यात एक निरोष्ठ रामायण, ओठाला ओठ न लावता म्हणायचं, म्हणजे त्यात प-फ-ब-भ-म चालत नाही, म्हणजे 'राम' हाच शब्द चालत नाही. भक्ती कमी आणि हौस जास्त असं माझं प्रामाणिक मत, पण मजा येते.

हे बदल उगाच होत नाहीत, बऱ्याचदा काहीतरी अडलेलं असतं म्हणून होतात. सीताहरणाचंच बघा. वाल्मीकीत रावण एका हाताने तिचे केस आणि दुसऱ्याने मांड्या धरून उचलतो, सरळ लिहिलंय. तोपर्यंत राम मुख्यतः माणूस आहे, त्याला स्वतःलाही आपण विष्णू आहोत हे युद्ध संपल्यावर देव सांगतात. पण पुढे भक्ती वाढली, राम पूर्ण देव झाला, सीता जगन्माता झाली, आणि मग हात लावायचा कसा हा प्रश्न आला. तमिळमध्ये कंबनाने रावणाला पर्णकुटीसकट जमीनच उचलायला लावली, स्पर्श नाही. अध्यात्म रामायणात आणि तुलसीदासांकडे खरी सीता आधीच अग्नीत जाऊन राहते आणि रावण नेतो ती मायेची, सावली. मग अग्निपरीक्षा ही परीक्षा राहतच नाही, ती खरी सीता परत आणायची युक्ती होते. देवाचा दर्जा वाढला की गोष्टीला अशी डागडुजी करावी लागते. अहल्येचंही तेच, वाल्मीकीत ती राखेत पडून, वाऱ्यावर जगत, कुणाला न दिसता तप करतेय, शिळा नंतर झाली. शिळा झाली की रामाच्या पायाचा चमत्कार मोठा दिसतो, पण इतकी वर्षं एकटीने केलेलं तिचं तप गेलं. हा सौदा मला तोट्याचा वाटतो. म्हणजे नवीन ते सगळं भारी असं मी म्हणत नाहीये. गाड्यांच्या मागच्या काचेवर तो कपाळाला आठ्या घातलेला भगवा मारुती बघते तेव्हा मला प्रश्न पडतो, ह्याच्यातला तो बुद्धिमान, गोड बोलणारा, सीतेसमोर आधी कुठल्या भाषेत बोलावं ह्याचा विचार करणारा हनुमान कुठे गेला.

'ओरिजनल' शोधायचा सगळ्यात मोठा प्रयत्न पुण्यातच झाला, भांडारकर संस्थेत. 1919 ला काम सुरू, 1966 ला संपलं, बाराशेच्या वर हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली. त्यातलं एक सांगते. 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' हे द्रौपदीच्या तोंडी त्यात नाही. दुर्योधन मयसभेत पाण्यात पडतो तेव्हा भीम, अर्जुन, जुळे आणि नोकरचाकर हसतात, द्रौपदीचं नाव नाही. मग ती हसली हे येतं कुठून? दुर्योधन घरी जाऊन बापाला सांगतो तिथून! तिथे म्हणतो की कृष्ण हसला, अर्जुन हसला, द्रौपदी बायकांसकट हसली आणि माझ्या मनाला लागलं. म्हणजे इतकं गाळून काढलेल्या प्रतीतही एकच प्रसंग दोनदा आणि दोन प्रकारे आहे, आणि आपण टीव्हीवर बघून मोठे झालो ते पडलेल्या माणसाचं व्हर्जन, आणखी मीठमसाला लावून.

शंका सुद्धा जुन्याच आहेत. मार्कंडेय पुराण सुरू होतं तेच जैमिनीपासून. हा व्यासांचा स्वतःचा शिष्य, आणि तो महाभारताबद्दल चार प्रश्न घेऊन मार्कंडेयाकडे येतो, त्यातला एक, एकटी द्रौपदी पाच जणांची बायको कशी झाली. मार्कंडेय म्हणतो माझी आत्ता कर्माची वेळ झाली, तू विंध्यातल्या पक्ष्यांना जाऊन विचार. पक्षी उत्तर देतात की पाचही पांडव म्हणजे एकाच इंद्राचे अंश आणि द्रौपदी म्हणजे इंद्राणी, म्हणजे नवरा एकच. हुशार उत्तर आहे, पण ह्यात पांडवांची अब्रू वाचते, तिला काय हवं होतं ते कळत नाही. ते विचारलं आपल्या लोककलावंतांनी, जांभूळ आख्यानात. विठ्ठल उमपांनी ते गाऊन गावोगाव नेलं. तिथे द्रौपदीला स्वतःच तोंड उघडावं लागतं आणि पाच नवऱ्यांदेखत कबूल करावं लागतं की मनात कर्ण होता. कर्णाचं प्रकरण एकदा सुरू केलं की मला आवरत नाही, ते पुढच्या वेळी लिहिते.