केडगावचे खिळे

चौतीस वर्षं मी गिरगावातल्या एका छापखान्यात प्रुफं तपासली. आता संध्याकाळी चौपाटीवर एक फेरी, एवढंच काम. ११ मार्च १८८९ ला पंडिता रमाबाईंनी विधवांसाठी शारदा सदन ही शाळा उघडली ती याच भागात. पहिल्या विद्यार्थिनींतली एक गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे. दुसऱ्याच वर्षी सदन पुण्याला गेलं. शाळेत आम्हाला रमाबाई साधारण इथवरच होत्या.

मला त्या जवळच्या वाटतात त्या वेगळ्याच कारणानं. शेवटी शेवटी बाई प्रुफंच वाचत बसल्या होत्या.

पुण्याजवळच्या केडगावला त्यांनी काढलेल्या मुक्ती मिशन या आश्रमात त्यांनी अख्खं बायबल मराठीत आणलं. मराठी बायबल आधीही होतं, पण त्यातले संस्कृत शब्द आश्रमातल्या बायकांच्या डोक्यावरून जात. कोणी दुष्काळातून आलेली, कोणी विधवा, बऱ्याचजणी नुकत्या बाराखडी शिकलेल्या. मग रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतल्या आणि मुळापासून सुरुवात केली. वर्षानुवर्षं चाललं ते.

आणि हीच बाई १८७८ मध्ये, अवघ्या विशीत, कलकत्त्याच्या पंडितांकडून ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणवून घेऊन आलेली! आईवडिलांबरोबर गावोगाव पुराणं सांगत वाढलेली. जिच्या जिभेवर संस्कृत, तिनं ते ठरवून बाजूला ठेवायचं. आमच्याकडे येणाऱ्या लेखकांना दोन जड शब्द सापडले की ते चार घालत. मी समासात प्रश्नचिन्ह केलं, तर वर मालकाकडे तक्रार.

रमाबाईंचं भाषांतर मुळाला इतकं धरून चालतं की काही वाक्यं कानाला खडबडीत लागतात. माझा हात शिवशिवतो. पण अर्थासाठी कोशाकडे धावावं लागत नाही.

छापखाना केडगावचाच, खिळे, म्हणजे छपाईची शिशाची उलटी अक्षरं, जुळवणाऱ्याही तिथल्याच बायका. १९२१ मध्ये लेक मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई. शेवटचं प्रूफ हातावेगळं करूनच त्या गेल्या, असं सांगतात. पुस्तक बाहेर आलं १९२४ मध्ये.

आमच्या चाळीत तळमजल्यावर एक निवृत्त सिस्टरबाई राहतात. त्यांची आजी मुक्तीत वाढली, छापखान्यात खिळे जुळवायची. ती प्रार्थना काय करायची, हे सिस्टरबाईंना फारसं आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की आजोबा सकाळी पेपर वाचायला बसले की आजी समोर बसून भाजी निवडायची, आणि तिच्या बाजूनं उलटा दिसणारा तो पेपर आजोबांच्या आधी वाचून संपवायची. वर म्हणायची, “अहो, पान उलटा की.”