त्याने घेतलेली मुलाखत

समुपदेशनासाठी तो माझ्याकडे पहिल्यांदाच आला होता. पहिल्या भेटीचा फॉर्म मी पुढे सरकवला, तर त्याने खिशातून स्वतःचाच कागद काढला. "आधी मी विचारतो, मॅडम. मग तुम्ही विचारा."

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, आणि हे लिहायला त्याची परवानगी आहे.)

मूळचा मराठवाड्यातला, नोकरी हिंजवडीत. माझ्याआधी दोघांकडे जाऊन आलेला. एकाने सांगितलं, "लग्न करून टाक, सगळं सुरळीत होईल." दुसऱ्याने त्याला न विचारता वडिलांना फोन लावला. पुढे घरी काय झालं ते त्याने एका वाक्यात उरकलं. मीही खोदलं नाही.

पहिला प्रश्न नोंदणीचा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वसन परिषदेचं प्रमाणपत्र भिंतीवर आहे, ते मी दाखवलं. त्याने नीट बघितलंही नाही. "ते त्यांच्याकडेही होतं."

मग, "मला पुरुष आवडतात. हा आजार आहे का?" नाही, मी म्हटलं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आणि ती 'बदलून देणारे' उपचार म्हणजे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कळवलंय.

"हे गूगलवर आहे, मॅडम. माझी आई इथे येऊन रडायला लागली तर काय कराल, ते सांगा."

सनावळ्या कुणीही पाठ करेल. खुर्चीत बसलेल्या माणसाची परीक्षा या प्रश्नात होती. म्हटलं, त्यांना पाणी देईन, त्यांचं ऐकून घेईन. त्यांना स्वतःसाठी बोलायचं असेल तर दुसऱ्या कुणाचं नाव सुचवेन. तुमच्याबद्दल तुमच्या परवानगीशिवाय एक शब्द बोलणार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तो हक्क तुम्हाला दिलाय. मात्र कुणाच्या जिवाला धोका दिसला तर गप्प बसणार नाही, हेही आत्ताच सांगून ठेवते.

त्याने काहीतरी टिपून घेतलं. शेवटचा प्रश्न मात्र कागदावर नव्हता.

"आपल्यासारख्या मुलांच्या ग्रुपमध्ये गेलो, तिथेही आधी आडनाव विचारलं. तुम्हाला माझी जात कळली तर काही बदलेल?"

"काहीच नाही" हे उत्तर जिभेवर तयार असतं. पण ते देणाऱ्यांचाच मला भरवसा वाटत नाही. म्हटलं, माझं आडनाव मला कधी नडलं नाही. त्यामुळे काही गोष्टी मला दिसणारच नाहीत. तेव्हा टोका, मी सारवासारव करणार नाही. आमच्या शिक्षणात यावर फारसं काही नव्हतं, हेही सांगितलं.

निघताना त्याने विचारलं, आणखी कोणी आहे का? दोन नावं दिली. त्यातली एक ऑनलाइन सत्रं घेते आणि फी कमाई बघून ठरवते.

आठवड्याभराने मेसेज आला. त्याने तिला निवडलं होतं. "तुमचं पटलं, पण तिच्याशी गावाकडच्या भाषेत बोलता येतं." खोटं कशाला बोलू, जरा लागलं. त्याच्यासाठी राखून ठेवलेली गुरुवारची वेळ मी यादीतल्या पुढच्या बाईंना दिली.