थंडीत काय पाहावे, हे तुम्ही विचारलेत म्हणून

पुण्यात पहाटेचा पारा १२ अंशांच्या खाली उतरला की नात्यातून, ओळखीतून आणि आमच्या सोसायटीतून मला एकच विचारणा सुरू होते: थंडीचे दिवस आहेत, रात्री लवकर दारे-खिडक्या लावून घरात बसतो, तर पाहण्यासारखे काही सांगा. मी सांगते. आठवड्याभरात दुसरा प्रश्न येतो आणि त्यात थोडा राग असतो: दर वेळी तुम्ही बर्फाने आणि दुःखाने भरलेलेच का सुचवता, काही हलकेफुलके, ऊब देणारे का सांगत नाही? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी पुष्कळदा दिले आहे. दुसरे टाळत आले, कारण ते आमच्या घरात घडलेल्या गोष्टीपर्यंत जाते. यंदा ते पूर्ण लिहिते आहे.

ऊब देणाऱ्या चित्रपटांविषयी माझ्या मनात आकस नाही. ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ (१९४६) हा चित्रपट नाताळात जगभर लोक कुटुंबासह, आनंदासाठी पाहतात. पण त्याचा नायक नाताळच्या आदल्या रात्री, बर्फ पडत असताना, जीव द्यायला पुलावर उभा असतो हे तुमच्यापैकी कितीजणांच्या लक्षात राहते? चॅप्लिनच्या ‘द गोल्ड रश’मध्ये (१९२५) लाकडी खोपटात अडकलेली दोन माणसे भुकेने व्याकूळ होऊन बूट उकडून खातात. तो बूट ज्येष्ठमधाच्या मिठाईचा होता हे ठाऊक असूनही तो प्रसंग पाहताना माझ्या हसण्यात भीती मिसळलेली असते. या दोन्ही चित्रपटांतली ऊब थंडी पुरती दाखवून झाल्यावर येते. आधीचा भाग गाळून नुसती ऊब मागणाऱ्यांना काय द्यावे, हे मला खरोखर कळत नाही.

चित्रपटातली थंडी पाहायला मला बाबांनी शिकवले. ते शाळेत भूगोल शिकवत. आमच्या कोथरूडच्या घराच्या गॅलरीत तापमापी होती, आणि रोज सकाळी ते किमान तापमान वहीत लिहून दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातल्या सिमला ऑफिसच्या, म्हणजे पुण्याच्या वेधशाळेच्या, आकड्याशी ताडून पाहत. चित्रपटात बर्फ दिसला की ते म्हणत, “बर्फाकडे नको, तोंडाकडे बघ. वाफ दिसते का?” ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’मध्ये (१९४२) ती दिसते, कारण ऑर्सन वेल्सने बर्फातले प्रसंग लॉस एंजेलिसमधल्या बर्फाच्या कारखान्यात चित्रित केले होते. ‘डॉक्टर झिवागो’ (१९६५) मात्र बराचसा स्पेनमध्ये चित्रित झाला आणि त्यातली ती गोठलेली हवेली मेणाने घडवलेली आहे. कॉलेजात असताना मी या एका कसोटीवर चित्रपट नापास करत असे, आणि झिवागोला तर खोटा म्हणून मोकळी झाले होते. आज मला तसे वाटत नाही. मेणाच्या त्या हवेलीत शिरलेल्या माणसांची असहायता मला खरीच वाटते. पण तेव्हाची मी समोर आली तर विचारील, की मग बाबांची कसोटी टाकून दिलीस का? टाकलेली नाही. अजूनही मी आधी तोंडाकडेच पाहते.

आता ती गोष्ट.

माझा धाकटा भाऊ जुलैत मित्रांबरोबर घाटात भटकायला जाणार होता. आदल्या संध्याकाळी पाठपिशवी भरता भरता त्याने नेहमीप्रमाणे विचारले, “बाबा, उद्या पाऊस कसा राहील?” बाबांनी गॅलरीत जाऊन आभाळ पाहिले, वही चाळली आणि म्हणाले, “दुपारनंतर जोर ओसरेल. जा.” दुसऱ्या दिवशी दुपारनंतरच परतीच्या वाटेवर ओढ्याला लोंढा आला आणि तो वाहून गेला. ते वाक्य मी ऐकले होते, आईने ऐकले होते. त्यानंतर ते आमच्या घरात कोणी उच्चारले नाही. वही बंद झाली. तापमापी होती तिथेच राहिली.

हिवाळा आला तसे नातेवाईक येऊ लागले आणि बाबांचे मन रमावे म्हणून विनोदी चित्रपट, जुनी फार्सिकल नाटके, हास्याचे कार्यक्रम आणून देऊ लागले. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. बाबा शाल पांघरून, कानटोपी घालून समोर बसत, संपेपर्यंत बसत आणि उठून झोपायला जात. मी शेजारी बसून त्यांच्याकडे पाही. पडद्यावरची माणसे हसत असताना आमच्या खोलीत जे चालले होते ते मला असह्य होई.

‘डेकालॉग’ मी त्याआधी लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पाहिली होती. क्रिस्तोफ किश्लोव्हस्की यांनी १९८०च्या दशकाच्या शेवटी पोलंडच्या दूरचित्रवाणीसाठी केलेली ही दहा भागांची मालिका वॉर्सातल्या एका इमारतसंकुलात घडते, आणि प्रत्येक भाग साधारण तासाभराचा आहे. पहिल्या भागात विद्यापीठात शिकवणारा एक बाप आहे. गोठलेल्या तळ्यावर मुलाला स्केटिंग करता येईल का हे ठरवण्यासाठी तो हवामान खात्याकडून मागच्या काही दिवसांचे तापमान मिळवतो, संगणकावर बर्फाची ताकद काढतो, रात्री स्वतः जाऊन बर्फावर उभा राहून पाहतो. हिशेब बरोबर असतो. दुसऱ्या दिवशी बर्फ फुटतो.

जानेवारीतल्या एका रात्री आई लवकर झोपली होती. मी बाबांना सांगितले, “एका बापाची गोष्ट आहे. त्याचा हिशेब बरोबर असतो, तरी मुलगा जातो. पाहायची का?” ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “लाव.” मी विचारून लावले, हे मी आमच्या नातेवाइकांना पुन्हा पुन्हा सांगितले आहे आणि इथेही सांगते. पण विचारताना ते नाही म्हणणार नाहीत हे मला ठाऊक होते, हेही तितकेच खरे आहे.

तापमानाचे आकडे येतात तिथे ते पुढे सरकून बसले. बाप रात्री तळ्यावर जातो तेव्हा म्हणाले, “बघ, तपासून आला.” शेवटपर्यंत पुढे एक शब्द नाही. संपल्यावर मी दिवा लावला नाही. आणि मग ते वाक्य त्यांनी स्वतः उच्चारले: “मी म्हणालो होतो, दुपारनंतर ओसरेल.” त्यानंतर ते मध्यरात्र उलटेपर्यंत बोलत राहिले. वारा कोणत्या दिशेचा होता, आधीच्या आठवड्यात किती पाऊस झाला होता, घाटमाथ्यावरचा पाऊस इथल्या गॅलरीतून कळत नाही हे विद्यार्थ्यांना आयुष्यभर शिकवूनही त्या संध्याकाळी आपण ते कसे विसरलो, हे सगळे त्यांनी एखादा धडा समजावून द्यावा तसे क्रमाने सांगितले. रडले नाहीत. मी रडले. आई केव्हा उठून दारात येऊन उभी राहिली ते आम्हा दोघांनाही कळले नाही.

सकाळी ती मला म्हणाली, “जरा झोप लागायला लागली होती त्यांना, तीही घालवलीस.” ते खोटे नव्हते, त्यानंतर बरेच दिवस बाबा रात्री जागे असत. त्याच महिन्यात त्यांनी वही पुन्हा उघडली आणि तापमान लिहू लागले, हेही खोटे नाही. मात्र माझ्याबरोबर ते पुन्हा कधी चित्रपट पाहायला बसले नाहीत. मी विचारत असे, ते “तू बघ” म्हणत. काही वर्षांनी ते गेले. त्या रात्रीने त्यांना काय दिले आणि काय काढून घेतले, याचा मी दोन्ही बाजूंनी विचार केला आहे, आणि दोन्ही बाजू अजून तितक्याच भक्कम उभ्या आहेत. मावशी दर हिवाळ्यात विचारते, “का दाखवलंस गं ते?” मी तिला प्रत्येक वेळी वेगळे उत्तर देते.

म्हणून, मला हलके काही विचारता तेव्हा मला त्या खोलीतले हास्याचे कार्यक्रम आठवतात, आणि माझ्या तोंडून दुसरीच नावे निघतात. ज्यांच्या घरात मोठी माणसे एकमेकांशी बोलेनाशी झाली आहेत त्यांना मी ‘विंटर स्लीप’ (२०१४) सांगते. तुर्कस्तानच्या कॅपाडोकियात हिवाळ्याने कोंडलेले एक कुटुंब त्यात सव्वातीन तास एकमेकांना खरे ते ऐकवते. इतका वेळ बसवणार नसेल तर सुरूच करू नये. निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्यांना ‘इकिरू’ (१९५२), ज्यात मरणाला टेकलेला सरकारी अधिकारी स्वतः उभ्या केलेल्या बागेत, पडत्या बर्फात, झोपाळ्यावर बसून गातो. मालिकाच हवी असेल तर ‘द टेरर’चा (२०१८) पहिला हंगाम: १८४५ साली उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रमार्गाच्या शोधात निघालेली दोन ब्रिटिश जहाजे बर्फात अडकली आणि १२९ माणसे परतली नाहीत, त्या खऱ्या मोहिमेवर ती आधारलेली आहे. मुलांबरोबर पाहायचे असेल तर ‘द गोल्ड रश’, आणि बूट खाण्याच्या प्रसंगानंतर मुले जे विचारतील त्याची उत्तरे टाळू नका.

‘डेकालॉग’चा पहिला भाग मी आपणहून कोणाला सुचवत नाही. ज्यांच्या घरात असे काही घडले आहे आणि ज्यांनी स्वतः विचारले, त्यांना त्यात काय आहे ते आधी पूर्ण सांगते, मुलगा जातो हेसुद्धा, आणि लावायचा की नाही हे त्यांच्यावर सोडते. त्या वेळी आई जवळ असेल तर ती त्यांना सांगते की लावू नका. तिला मी थांबवत नाही. तिचेही ऐकून घ्या आणि मग ठरवा.