नालदेहऱ्याची स्पर्धा आणि माझे तेवीस पॉइंट

आधीच सांगतो, गोल्फमध्ये चोवीस हँडिकॅपवाला, म्हणजे अठरा होलना ठरलेल्या फटक्यांपेक्षा (पार) साधारण चोवीस जास्त घेणारा माणूस आहे मी, त्यामुळे कुणी स्विंगचे सल्ले शोधत असेल तर इथे काही मिळणार नाही. पण ऑक्टोबरात शिमल्याजवळ नालदेहऱ्याला एक छोटी अमॅच्युअर स्पर्धा खेळून आलो, आयुष्यातली पहिलीच, तर काय काय घोळ घातले ते लिहून ठेवतो.

पुण्याहून चंदीगडपर्यंत विमान, पुढे टॅक्सीने शिमला, तिथून मशोब्र्यावरून अजून साधारण बावीस किलोमीटर. कालका-शिमला टॉय ट्रेनचा मोह आवरा, ९६ किलोमीटरला पाच तासांच्या वर लागतात आणि त्या इवल्याशा डब्यात गोल्फ बॅग म्हणजे शेजारच्याच्या मांडीवरच. विमानात माझी बॅग पाच किलो जास्त भरली, काउंटरवर मुकाट पैसे मोजले. १४ क्लब चालतात म्हणून १४ न्यायलाच हवेत असं नाही हो, मी जेमतेम आठ वापरले.

कोर्स लॉर्ड कर्झनच्या हौसेतून झालेला, जागा इतकी आवडली साहेबाला की १९०४ साली झालेल्या मुलीच्या नावातच नालदेरा घातलं! होल अठरा, पार ६८, मधोमध माहूनागाचं देऊळ आणि चहूकडे देवदार. कार्डावरची अंतरं बघून मी गालातल्या गालात हसलो होतो, पण दोन हजार मीटरवर हवा विरळ, बॉल नेहमीपेक्षा लांब जातो, त्यात उतार, पहिले तीन शॉट सरळ ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या) पलीकडे दरीकडे. नेहमीपेक्षा कमी अंतराचाच क्लब हातात घ्या. आणि देवदारात बॉल गेला की शोधायला तीनच मिनिटं असतात, तेव्हा शंका आली की तिथेच सांगून प्रोव्हिजनल, म्हणजे राखीव दुसरा बॉल मारा, मी संकोच केला आणि पुन्हा टीपर्यंत, म्हणजे पहिला फटका मारतात तिथवर चढ चढून आलो, सगळ्यांच्या देखत, धापा टाकत.

पण खरी वाट लागली पटिंगमध्ये, म्हणजे ग्रीनवर बॉल होलात ढकलताना. येरवड्याला आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये दोन फुटांच्या आतला पट कुणी खेळतच नाही, "दिला रे, उचल" म्हणायचं आणि पुढे निघायचं, गेली सहा वर्षं. इथे दुसऱ्याच होलवर सवयीने बॉल उचलला. मार्कर म्हणून, म्हणजे माझं कार्ड लिहायला सोबत एक रिटायर्ड फौजी काका होते, त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि शांतपणे कार्डावर शून्य लिहिलं. स्टेबलफर्डमध्ये, म्हणजे होलागणिक पॉइंट मिळतात त्या प्रकारात बॉल होलात गेलाच पाहिजे, नाहीतर त्या होलचे पॉइंट नाहीत, बाकी दंड काही नाही. पुढे प्रत्येक दोन फुटी पटला माझे हात थरथरायला लागले. सातव्याला तर पट मला डावीकडे वळणारा दिसत होता, बॅग उचलणारा कॅडी म्हणाला, "साहब, सब नीचे घाटी की तरफ जाता है." मी माझंच खरं केलं. बॉल कपाच्या काठाला हात लावून उजवीकडे घरंगळला, चार फूट! कॅडीने काही न बोलता आकाशाकडे बघितलं.

तर जायच्या आधी महिनाभर घरच्या मैदानावर एकही पट 'दिलेला' घेऊ नका, मित्र हसले तरी. आणि संपल्यावर कार्डावरचा होलनिहाय आकडा स्वतः तपासूनच सही करा, माझ्या एका होलला सहाच्या जागी आठ पडले होते, काकांनीच हसत दुरुस्त केलं. सही झाल्यावर जास्तीचा आकडा तसाच धरतात, कमी लिहिला असेल तर स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजतात त्या प्रकारात सरळ बाद होऊ शकता.

बाकी, स्वेटर बॅगेतच ठेवा, चारनंतर ऊन देवदारांमागे गेलं की बोटं आखडतात आणि ग्रिप जाणवत नाही. कॅडीला द्यायला रोख असू द्या. छत्तीस पॉइंटच्या अपेक्षेने गेलो होतो, तेवीस झाले. दुसऱ्या दिवशी खाली तत्तापानीला गरम पाण्यात पाय सोडून बसलो, बॅग हॉटेलातच ठेवून.