तुम्ही विचारलंत म्हणून: दागिन्यांच्या ओळीवरची काट

स्टाफरूममध्ये, भिशीत, लग्नाच्या पंगतीत एकच प्रश्न येतो. "घराच्या विम्याबरोबर ती जादा कव्हरं घ्यायची का हो? तुम्हाला तर अनुभव आहे." मी "बघा, ज्याची त्याची सोय" म्हणते आणि विषय बदलते. परवा मैत्रिणीनं तोंडावर ऐकवलं, "तू हे नेहमी टाळतेस." टाळते, खरं आहे. म्हणून आज सगळं लिहिते.

अनुभव म्हणजे २२ जुलै २०२१ चा पूर. आमचं घर चिपळूणला, पेठमापात, वाशिष्ठी नदीच्या अंगाला. त्या पुराबद्दल तुम्हाला मी नव्याने काय सांगणार!

आधी जे छातीठोक सांगता येतं ते. १ एप्रिल २०२१ पासून घरासाठी 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी आहे. आग, भूकंप, वादळ, पूर, दरड हे सगळं मुळातच त्यात येतं. इमारत आणि सामान दोन्ही घेतलं, की सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, आपोआप धरतात. घर राहण्याजोगं उरलं नाही तर दुसरीकडच्या भाड्याची सोय आत आहे. राडारोडा उपसायचा खर्चही, दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत, आत आहे. हे मुद्दाम सांगते, कारण आमच्या कर्जाच्या वेळी बँकेत बसणाऱ्या विमा प्रतिनिधीनं पर्यायी भाडं 'जादा' म्हणून यादीत घातलं होतं. जे आधीच आपलं आहे त्याचे पुन्हा पैसे मोजू नका. त्याबद्दल माझ्या मनात आजही राग आहे.

खरोखर बाहेर राहतात त्या गोष्टी वेगळ्या. एरवीची घरफोडी बाहेर. विजेच्या दाबानं किंवा शॉर्टसर्किटनं जळालेलं यंत्र बाहेर. पुरानंतर वीज आली तेव्हा वरच्या मजल्यावरचा, पाणी न लागलेला आमचा टीव्ही जळाला, त्याचा एक रुपया आला नाही. त्याचं मला दुःख नाही, टीव्ही पुन्हा येतो. आणि दागिने बाहेर. ते सामानात धरत नाहीत, त्यांचं कव्हर वेगळं मागून घ्यावं लागतं.

अर्जातल्या त्या ओळीवर मी काट मारली होती.

मे महिना होता, दुसरं लॉकडाऊन. वरच्या मजल्यासाठी कर्ज वाढवून घेतलेलं, ह्यांचं स्टेशनरीचं दुकान बंद, घर माझ्या एका पगारावर. प्रतिनिधी म्हणाला, "मॅडम, दागिन्यांना सोनाराचा किमतीचा दाखला लागेल." सोनारांची दुकानं बंद होती. मी पेन घेतलं आणि ती ओळ खोडली. त्या परिस्थितीत कुणीही खोडली असती, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. पण ते पूर्ण खरं नाही. मी विचार करून नाही म्हटलंच नव्हतं, मला घाई होती. पुढे पॉलिसीचा कागद शांतपणे वाचला तेव्हा कळलं, की एकूण रक्कम ५ लाखांच्या आत आणि एकेक वस्तू १ लाखाच्या आत असेल तर दाखला लागतच नाही. आईंचं सगळं त्यात बसत होतं. पाटल्या दीड-दीड तोळ्याच्या, मोहनमाळ तेवढीच, कुड्या आणि चांदीचा करंडा. तेव्हा सोनं तोळ्याला पन्नास हजारांच्या आत होतं.

आई म्हणजे सासूबाई. गुडघ्यांमुळे त्यांची खोली खालीच. पहाटे पाणी उंबऱ्यावर आलं तेव्हा ह्यांनी आणि शेजारच्या मुलानं त्यांना खुर्चीसकट वर नेलं. जिन्यावर त्या एकच शब्द बोलत होत्या, "कपाट, कपाट." मी म्हटलं, "पाणी उतरलं की काढू." मागच्या पुराच्या, २००५ च्या खुणेवरून मी हिशोब केला होता, की पाणी कपाटाच्या मधल्या कप्प्यापर्यंत पोचणार नाही. दुपारी ते जिन्याच्या अकराव्या पायरीवर होतं.

दुसऱ्या दिवशी होडीतून बाहेर काढलं आम्हाला. सावर्ड्याला नणंदेकडे गेलो. परतलो तो २५ तारखेची सकाळ. पुढचं दार चौकटीसकट गेलेलं, आत घोट्याच्या वर चिखल, आणि आईंचं कपाट उताणं पडलेलं. त्याचं दार पाण्यानं उघडलेलं नव्हतं. कुलपाच्या बाजूला पत्रा आत दुमडलेला होता, पहारीचा घाव स्पष्ट दिसत होता. दागिन्यांचा डबा नव्हता. पोलिसांत तक्रार दिली, तपासात काही निघालं नाही.

आता हे नीट वाचा, कारण मी रात्र रात्र याच्यावर काढलीय. पुरासारख्या घटनेनंतर ७ दिवसांच्या आत झालेली चोरी मूळ पॉलिसीत धरतात. आमची चोरी त्यात बसत होती. बसत नव्हतं ते सोनं.

विमा कंपनीचा सर्व्हेअर नुकसान बघायला आला तो आठवड्यानंतर. तरुण मुलगा, गमबूट घातलेला, गुडघ्यावर पुठ्ठा ठेवून लिहीत होता. फ्रिज, शेगडी, मिक्सर, शिलाई मशीन, गाद्या चार. आई समोर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. यादी संपत आली तसं त्यांनी सांगायला घेतलं, "लिही बाळा. पाटल्या दोन, माझ्या आईच्या. मोहनमाळ, लग्नातली. कुड्या, एक मोती बदललेला." त्यानं पहिला शब्द लिहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि पेनाला टोपण लावलं. पण उठला नाही. आईंचं सगळं सांगून होईपर्यंत ऐकत बसला. मग दारापर्यंत येऊन हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, दागिन्यांचं कव्हर घेतलेलं नाहीये."

मी म्हटलं, "माहितीय."

सामानाचे पैसे आले, भिंतींचेही आले. आई आजही म्हणतात, "कंपनीनं माझं सोनं बुडवलं." पाहुण्यांपुढे म्हणतात आणि मी शेजारी बसून ऐकते. काट मी मारली, हे त्यांना माहीत नाही. ह्यांना माहीत आहे, ते बोलत नाहीत. म्हणून तुम्ही चारचौघांत विचारता तेव्हा माझं उत्तर घशात अडकतं.

यावर लोक सांगतात, सोनं लॉकरमध्ये ठेवायचं, विम्याची गरजच काय. मीही पूर्वी हेच म्हणायचे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत १ जानेवारी २०२२ पासून आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याची लबाडी झाली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंत आहे. पूर, भूकंप अशा आपत्तीत ती जबाबदारी नाही. आणि त्या दिवशी बाजारपेठेतले तळमजलेही पाण्याखालीच होते. शिवाय पाटल्या लॉकरमध्ये असत्या तर आईंनी त्या गौरीला, पाडव्याला कधी हातात घातल्या असत्या? त्यांना त्या हाताशी हव्या होत्या. हे मला चूक म्हणता येत नाही.

मग घ्यावं का? ज्या वस्तूचं नाव जिन्यावरून जाताना तुमच्या तोंडून निघेल, तिचं कव्हर घ्या असं म्हणावंसं वाटतं. पण पैसे आले असते तर आईंना पाटल्या परत मिळाल्या असत्या का? दुसऱ्या मिळाल्या असत्या. त्यांनी त्या घातल्या असत्या की नाही, मला सांगता येत नाही. आणि आता तोळा लाखाच्या वर गेलाय, म्हणजे दीड तोळ्याची पाटलीही दाखल्याशिवाय चालणार नाही.

मागच्या मे महिन्यात नूतनीकरणाचा कागद घेऊन बसले होते. भाड्याची ओळ खोडली, विजेच्या उपकरणांची ठेवली. दागिन्यांच्या ओळीत माझं गंठण लिहीत होते तेवढ्यात आई शेजारी येऊन बसल्या.

"काय लिहितेस?"

"सोन्याचा विमा, आई."

त्या बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. "तेव्हा नव्हतं का गं असं काही?"

मी म्हटलं, "तेव्हा मला कळलं नाही, आई."