फोटोत दिसतं ते लिहू नका

घरातले, रस्त्यावरचे, कामाच्या जागेवरचे साधे फोटो काढताना त्यामागची गोष्ट आपल्याला पाठ असते, म्हणून ती लिहून ठेवायची राहते. चार-पाच वर्षांनी तोच फोटो उघडला की माणसं ओळखू येतात, पण हा फोटो मुळात का काढला होता ते आठवत नाही. कॅमेरा कितीही चांगला असला तरी ही उणीव तो भरून काढत नाही. ती फोटोखालच्या तीन-चार ओळीच भरून काढतात.

समजा, आजोबा खिडकीशी बसून चष्म्याची तुटलेली काडी दोऱ्याने बांधतायत. खाली ‘आजोबा चष्मा दुरुस्त करताना’ असं लिहिलं तर ती ओळ वाया गेली, कारण तेवढं फोटोत दिसतंच. त्याऐवजी असं लिहा: ‘नवा चष्मा आणू म्हटलं तर ऐकेनात. म्हणाले, काचा शाबूत आहेत ना, मग चष्मा मोडला कसा? दोरा आईच्या शिवणाच्या डब्यातला. फोटो ताईने काढला.’ माणूस जे बोलला ते त्याच्याच शब्दांत, जमेल तितकं जसंच्या तसं लिहायचं. ‘अविस्मरणीय क्षण’ किंवा ‘सोनेरी आठवणी’ असलं काही लिहू नये. ते कुठल्याही फोटोखाली चालतं, म्हणून त्यातून काहीच कळत नाही.

नावांच्या बाबतीत मात्र काटेकोर राहायला हवं. ‘मामा’ लिहिलं तर पुढच्या पिढीला हा कुणाचा मामा ते कळणार नाही. स्वतःच्या संग्रहात पूर्ण नाव आणि नातं लिहा, बाहेर देताना नुसतं नातं पुरतं. गटाचा फोटो असेल तर पुढच्या रांगेपासून, डावीकडून उजवीकडे. ओळखू न आलेल्या माणसाची जागाही ‘अनोळखी’ लिहून भरायची, नाहीतर पुढची सगळी नावं एकेक माणूस सरकतात. आणि फोटो कुणी काढला ते लिहाच. घरात फोटो काढणारा माणूस बहुधा एकच असतो आणि संग्रहात त्याचाच मागमूस राहत नाही.

लिहायची वेळ म्हणजे त्याच दिवशीची संध्याकाळ. टंकायचा कंटाळा असेल तर फोनला बोलून मजकूर लिहून घ्या. फक्त नावं नंतर तपासा, कारण यंत्र हमखास चुकतं ते तिथेच.

तारीख फोनकडे असतेच, असं समजून गाफील राहू नये. कॅमेरा फाइलमध्ये तारीख, वेळ आणि परवानगी दिली असेल तर ठिकाणही नोंदवतो. १९९५ साली आलेलं एक्झिफ हे मानक त्यासाठीच आहे. पण कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलेलं असलं तर नोंदही चुकते, आणि स्कॅन केलेल्या जुन्या फोटोला स्कॅन केल्याची तारीख चिकटते. व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा पाठवलेला फोटो तर लहान होतो आणि ही माहितीही गमावतो. अँड्रॉइडवर अशा फाइलच्या नावात तारीख दिसते खरी, पण फोटो काढल्याची ती नसते. म्हणून नातेवाइकांकडून फोटो मागवताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं आवर्जून सांगा. स्क्रीनशॉट तर मुळीच घेऊ नका.

लिहिलेला मजकूर नेमका कुठे साठतो, याकडे फार कमी लोक लक्ष देतात. गूगल फोटोजमध्ये लिहिलेलं वर्णन मूळ फोटोच्या फाइलमध्ये जात नाही. सगळा संग्रह उतरवून घेतला की ते जेसन (JSON) नावाच्या वेगळ्या मजकुराच्या फाइलमध्ये मिळतं, आणि ती फाइल हरवली की गोष्टही जाते. डिजिकॅमसारख्या, संगणकावर फोटो सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममधून वर्णन फोटोच्या फाइलमध्येच लिहिता येतं. तिथे मराठीत लिहिणाऱ्यांची एक खास अडचण आहे. फाइलमध्ये माहिती लिहायच्या जुन्या आयपीटीसी पद्धतीत वर्णनासाठी २००० बाइटची मर्यादा आहे; बाइट म्हणजे साठवणुकीचं लहान माप. अक्षरं साठवायच्या युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं आणि काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. म्हणजे साधारण साडेसहाशे चिन्हांत जागा संपते. शिवाय काही जुने प्रोग्रॅम ती अक्षरं प्रश्नचिन्हांसारखी दाखवतात. एक्सएमपी या नव्या पद्धतीत हे दोन्ही त्रास नाहीत, तेव्हा सेटिंगमध्ये ती चालू आहे ना ते बघा. एवढ्या खोलात शिरायचं नसेल तर फोटोच्याच नावाची साधी मजकुराची फाइल शेजारी ठेवा.

कागदी फोटो स्कॅन करताना ६०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके, ठेवा. ४ बाय ६ इंचाच्या फोटोची २४०० बाय ३६०० पिक्सेलची प्रत मिळते. मागची बाजूही स्कॅन करा, कारण स्टुडिओचा शिक्का आणि कुणाचं तरी हस्ताक्षर तिथेच असतं. मागे बॉलपेनने लिहू नका. दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि गठ्ठ्यात शाई शेजारच्या फोटोला लागते. साध्या कागदावर मऊ पेन्सिल चालते. प्लास्टिकचा लेप असलेल्या कागदावर ती टिकत नाही, तिथे पिगमेंट शाईचं पेन वापरा आणि पूर्ण वाळू द्या.

फोटो इतरांना देण्याआधी पार्श्वभूमी नीट बघा: गाडीचा नंबर, मुलांच्या गणवेशावरचं शाळेचं नाव, टेबलावर पडलेली औषधाची चिठ्ठी. हे झाकायला फोनमधलं हायलायटर वापरू नका. तो रंग अर्धपारदर्शक असतो आणि उजेड वाढवला की खालची अक्षरं दिसू शकतात. पूर्ण काळा चौकोनच टाका. ठिकाणाची नोंदही पाठवताना काढून टाका. परवानगी घेताना फोटोबरोबर मजकूरही दाखवा. फोटोला आनंदाने हो म्हणणारी माणसं त्याखालची गोष्ट वाचून पुष्कळदा थांबतात, आणि तो त्यांचा हक्कच आहे.

जुन्या फोटोंबद्दल वडीलधाऱ्यांना विचारताना ‘या फोटोबद्दल सांगा’ म्हटलं की उत्तर त्रोटक येतं. त्यापेक्षा वस्तूवर बोट ठेवून विचारा: हे भिंतीवरचं घड्याळ कुणाचं? ही छत्री कुणी धरली आहे? मग मावशी एक सांगेल आणि काका अगदी उलट सांगतील. कोण बरोबर ते ठरवत बसू नका. दोघांचंही म्हणणं नावानिशी लिहा, विचारल्याची तारीख घाला, आणि पुढे कुणी दुरुस्ती सुचवली तर आधीचं न खोडता खाली नवी ओळ जोडा.