कॅचरला लागलं आणि घड्याळ चालूच राहिलं

आमच्या बेसबॉल स्पर्धेचा नियम असा की ठरलेली वेळ संपली की नवी इनिंग नाही. यजमानांचा तिसरा आउट झाला की त्यांची पाळी संपते आणि त्याच क्षणी पुढची इनिंग सुरू झाली असं धरतात, त्यामुळे शेवटी सगळ्यांचे डोळे मनगटावर. यजमान एका धावेने पुढे होते आणि बॅटिंगही त्यांचीच. त्यांना वेळ काढायची होती, पाहुण्यांना तिसरा आउट लवकर हवा होता.

दर चेंडूनंतर बॅटर त्याच्या आखलेल्या बॉक्सबाहेर. कधी ग्लोव्हची पट्टी, कधी बुटाची नाडी. प्लेटमागचा पंच मी, एकदाच सांगितलं, "एक पाय बॉक्समध्ये ठेव." नंतर त्याने हात वर केला तरी टाइम, म्हणजे खेळ थांबवायची सवलत, दिला नाही. पिचरने फेक सुरू केल्यावर तर तो द्यायचाच नसतो. माझा बेसवरचा जोडीदार मात्र धावपटूला पँट झटकायलाही टाइम देत होता. असे पंच सामन्याचा जीव घेतात.

आणि मग एक फाउल चेंडू बॅटची कड घेऊन थेट बॅटरमागे बसलेल्या पाहुण्यांच्या कॅचरच्या उजव्या खांद्यावर बसला. पोरगं म्हणालं, "ठीक आहे, सर." डोळ्यांत पाणी होतं आणि मूठ नीट मिटत नव्हती.

अशा वेळी काय करायचं ते प्रत्येक जुना पंच जाणतो. ब्रश काढायचा, पिचरकडे पाठ करायची आणि स्वच्छ असलेली प्लेट, म्हणजे बॅटरजवळची जमिनीतली पाटी, झाडायची. कॅचरला 'लागलंय' म्हणावं लागत नाही, त्याला श्वास मिळतो. पंचाला चेंडू लागला तर कॅचरही चेंडू द्यायला सावकाश पिचरच्या उंचवट्यापर्यंत, माउंडपर्यंत, चालत जातो. मी दोन्ही कडा झाडल्या, नवा चेंडू घेतला आणि तो पिचरच्या हातात स्वतः नेऊन दिला. मागून त्याच पोराचा कोच ओरडत होता, "सर, चला ना!"

पुढचाच चेंडू उंच उडाला, झेल झाला, तिसरा आउट. मी घड्याळ पाहिलं तर वेळ नुकतीच संपली होती. सामनाही संपला.

कोच जवळ येऊन म्हणाला, "त्यांची नाडी थांबवलीत, आमची वेळ मात्र ब्रशने झाडून टाकलीत."

त्याचा हिशेब बरोबर होता. पण रीतसर दुखापतीसाठी खेळ थांबवला असता तर मैदानात माणसं आली असती आणि याहून जास्त वेळ गेला असता. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये २०२३ पासून पिच क्लॉक, म्हणजे दोन फेकींमधली वेळ मोजणारं घड्याळ, आहे, तो चालवायला वेगळा माणूस असतो. आमच्याकडे प्लेटमागच्या पंचाचं मनगटी घड्याळ, आणि दुखापतीसाठी ते थांबवायची मुभा नाही. नियम लिहिणाऱ्यांना पुढचा सामना वेळेवर लागण्याचीच काळजी.

ही मुभा मी आयोजकांकडे मागणार आहे. ती मिळाली तरी त्या कोचला त्या दिवशी काय उत्तर द्यायला हवं होतं, हे मला अजून सुचलेलं नाही.